मुलांनी निवडलेलं पुस्तक

मराठीत मुलांच्या पुस्तकांना बक्षिसं कमी नाहीत. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत बालवाङ्मयाचे निरनिराळे विभाग आहेत आणि प्रत्येक विभागाला एकेका मोठ्या माणसाचं नाव दिलेलं आहे. बालकवितेला बालकवी पुरस्कार, कादंबरीला साने गुरुजी पुरस्कार, कथेला राजा मंगळवेढेकर, नाटकाला भा. रा. भागवत, संकीर्णाला ना. धों. ताम्हनकर. यातली पहिली दोन नावं आपल्या खान्देशाची, हे सांगताना मला उगीचच बरं वाटतं. बालकवी धरणगावचे. १९०७ साली जळगावात कविसंमेलन भरलं, तिथे सतराएक वर्षांच्या त्र्यंबक ठोमऱ्यांनी कविता म्हटली आणि अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्यांना 'बालकवी' म्हटलं. साने गुरुजी जन्माने कोकणातले पालगडचे, पण त्यांचं मास्तरपण सगळं अमळनेरचं.

याशिवाय साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आहे. तो २०१० पासून सुरू झाला. मराठीत पहिल्या वर्षी अनिल अवचटांच्या 'सृष्टीत... गोष्टीत'ला मिळाला, दुसऱ्या वर्षी दिलीप प्रभावळकरांच्या 'बोक्या सातबंडे'ला. २०२० साली आबा गोविंदा महाजनांच्या 'आबाची गोष्ट'ला मिळाला. पन्नास हजार रुपये आणि ताम्रपट. चांगलंच आहे.

पण एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? या सगळ्या बक्षिसांत परीक्षक आहेत, समित्या आहेत, शिफारशी आहेत. ज्याच्यासाठी पुस्तक लिहिलं तो चौथी-सहावीतला पोरगा किंवा पोरगी मात्र कुठेच नाही. लग्नात सगळ्यांना विचारायचं आणि नवरीला विचारायचं नाही, त्यातलाच हा प्रकार.

हे मला नव्याने सुचलेलं नाही. आमच्या घरच्या मंडळींना माझं हे जुनं तुणतुणं माहीत आहे. पण अलीकडे बहिणीची नात अमेरिकेतून फोनवर बोलत होती. ती कॅन्सस राज्यात शाळेत जाते. म्हणाली, "आजी, आज मी व्होट केलं." मला वाटलं वर्गातल्या मॉनिटरची निवडणूक असेल. तर नाही, पुस्तकाची! मग मी वाचायला बसले, आणि आपण धुळ्याच्या बाजूला एका आडगावच्या शाळेत जे करत होतो त्याला तिकडे केवढा इतिहास आहे ते कळलं.

तो थोडक्यात सांगते. अमेरिकेत मुलांच्या पुस्तकांचं सगळ्यांत मानाचं बक्षीस न्यूबेरी पदक. ते १९२२ पासून दिलं जातं आणि ते ग्रंथपाल ठरवतात, म्हणजे मोठी माणसंच. मुलांच्या मतांवर बक्षीस देण्याची पद्धत १९४० साली वायव्येकडच्या राज्यांतल्या ग्रंथालय संघाने सुरू केली. ती कल्पना होती सिएटलच्या एका पुस्तकविक्रेत्याची, हॅरी हार्टमन यांची. मला यात नवल वाटत नाही. दुकानाच्या फळीमागे उभ्या असलेल्या माणसाला रोज दिसत असतं की आई एका पुस्तकाकडे बोट दाखवते आणि मूल दुसऱ्याकडे.

कॅन्ससमध्ये ही गोष्ट १९५२ साली आली. एम्पोरिया नावाच्या गावात विल्यम ॲलन व्हाइट हे नावाजलेले संपादक होऊन गेले. ते १९४४ साली वारले. त्यांच्या नावाने रूथ गॅलियार्डो या बाईंनी राज्यभरच्या शाळांसाठी हे बक्षीस सुरू केलं. मोठ्यांनी यादी करायची, मुलांनी वर्षभर वाचायचं आणि मग मत द्यायचं. व्हरमाँट राज्यात १९५७ पासून असंच चालू झालं. तिथला नियम मला फार आवडला. यादी तीस पुस्तकांची, आणि त्यातली निदान पाच वाचलेली असल्याशिवाय मत देता यायचं नाही. (त्या व्हरमाँटच्या बक्षिसाला आधी एका लेखिकेचं नाव होतं. पुढे तिच्या जुन्या विचारांवरून वाद झाला आणि ते नाव बदललं. मोठ्यांनी ठेवलेली नावं अशी बदलत असतात. मुलांची मतं त्या त्या वर्षीच्या कागदावर आहेत तशीच राहतात.) इंग्लंडात १९८० च्या सुमाराला, हॉलंडमध्ये १९८८ साली अशीच बक्षिसं निघाली. रोआल्ड डालला इंग्लंडातल्या ग्रंथपालांचं कार्नेगी पदक जन्मात कधी मिळालं नाही. पण मुलांनी १९८८ साली 'मटिल्डा'ला निवडलं. आज त्याची पुस्तकं कुठे नाहीत ते सांगा!

आता आपल्याकडे वळू. आपल्याकडे मुलांना पुस्तक निवडायला न मिळण्याला काही कारणं होती, ती नुसती 'मोठ्यांची हुकूमशाही' म्हणून सोडून देता येत नाहीत.

मी शाळेत होते ते साल १९६०च्या पुढचं. चोपडा तालुक्यातलं आमचं गाव. शाळेला एक लाकडी कपाट, त्याला कुलूप, आणि किल्ली हेडमास्तरांच्या जानव्याला. ही अतिशयोक्ती नाही, खरोखर जानव्याला होती. कपाटातली पुस्तकं काचेतून दिसायची. वर्षातून एकदा, तपासणी असली की, ती पुसली जायची. त्या वेळी आम्हाला राग यायचा. पुढे मी स्वतः मास्तरीण झाले आणि ग्रंथालयाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा कुलपाचं कारण समजलं. एक पुस्तक हरवलं तरी नोंदवहीत ते हरवलेलं दिसायचं, आणि ज्याच्या ताब्यात कपाट त्याच्या पगारातून भरपाई. निर्लेखन करून घ्यायचं म्हणजे अर्जावर अर्ज. अशा वेळी शहाणा माणूस कुलूपच लावणार. पुस्तक फाटलं नाही म्हणजे ग्रंथालय चांगलं चाललं, असा हिशेब. लहान शाळांत ग्रंथपालाचं पद नसतं. कोणातरी मास्तराच्या गळ्यात ते काम असतं, आणि त्याला जादा तास मिळत नाहीत.

१९८७ साली खडूफळा मोहीम आली. प्राथमिक शाळांना पुस्तकं मिळाली, पण यादी वरून ठरलेली. पुस्तकं पेटीत आली आणि बऱ्याच ठिकाणी पेटीतच राहिली. तेव्हापासून आजच्या समग्र शिक्षा योजनेतल्या ग्रंथालय अनुदानापर्यंत पैसा वाढला, पण पुस्तक कुणी निवडायचं हा प्रश्न तिथेच आहे.

मग मुलं वाचायची काय? कपाटाबाहेरचं. मराठीत 'चांदोबा' १९५२ पासून येत होता. आमच्या गावात एकच अंक यायचा, किराणा दुकानदाराच्या मुलाकडे, आणि तो हातोहात फिरून महिनाअखेर चिंध्या व्हायचा. बाबूराव अर्नाळकरांची रहस्यकथा भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचायची. पुढे इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ आला. १९७१ च्या नोव्हेंबरात बालभारतीचं 'किशोर' निघालं आणि ते शाळेत राजरोस वाचता येऊ लागलं, म्हणून त्याचे उपकार. लोकवाङ्मय गृहाकडची रशियन पुस्तकं स्वस्त असायची, गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची. सोव्हिएत संघ कोसळला आणि तीही गेली. माझ्या एका विद्यार्थ्याने मला विचारलं होतं, "बाई, तिकडे सरकार पडलं तर इकडे गोष्टी का बंद झाल्या?" काय उत्तर देणार?

म्हणजे मुलं मत देतच होती, फक्त ते मोजत कुणी नव्हतं. कुठलं पुस्तक जास्त फाटलंय ते बघितलं की निकाल कळायचा.

याला खान्देशात एक मोठा अपवाद होऊन गेला. साने गुरुजी १९२४ ते १९३० अशी सहा वर्षं अमळनेरला शिक्षक होते आणि छात्रालयाचं काम त्यांच्याकडे होतं. तिथे ते 'छात्रालय' नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक, म्हणजे रोज! १९२८ साली त्यांनी 'विद्यार्थी' मासिक सुरू केलं. मी निवृत्त झाल्यावर या काळाबद्दल पुष्कळ वाचलं. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की त्यांचा वाचक समोर बसलेला होता. आज लिहिलेलं उद्या मुलांनी वाचलं की नाही, हे त्यांना तिथल्या तिथे दिसत असणार. रोज परीक्षा, आणि परीक्षक मुलं. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली गेली, ती अवघ्या काही दिवसांत. लोक म्हणतात, ती भावनेच्या भरात लिहिली. असेलही. पण सहा वर्षं मुलांपुढे रोज लिहून-बोलून ज्याचा हात तयार झाला, त्यालाच ते इतक्या लवकर जमलं असं माझं मास्तरणीचं मत.

आता आमच्या शाळेचं सांगते. शाळेचं नाव देत नाही. धुळे जिल्ह्यातलं कापूस-भुईमुगाचं गाव, पाचवी ते दहावी. १९९२-९३ साली मी सहावी-सातवीसाठी मतदान सुरू केलं. तेव्हा ना कॅन्सस माहीत ना व्हरमाँट. मनात एवढंच होतं की शेषन साहेबांमुळे पोरं निवडणुकीच्या गप्पा मारतात, तर तीच हवा पुस्तकाला लावून बघू.

बारा पुस्तकं निवडली. फास्टर फेणे, गोट्या, चिंगी, श्यामची आई, विंदांच्या बालकविता, एक-दोन रशियन, अरबी भाषेतल्या सुरस गोष्टी, आणि शेवटी, यादी भरायची म्हणून नव्हे पण थोड्या भीतीनेच, वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. ते १९८१ साली आलेलं. सहकारी म्हणाले, हे मोठ्यांचं पुस्तक आहे, पोरं उघडणारसुद्धा नाहीत. शाळेत काही पुस्तकं होती, काही मी धुळ्याच्या गरुड वाचनालयातून माझ्या नावावर आणत असे.

पहिल्या महिन्यातच एक अडचण कळली, आणि ही कुणाला असं काही करायचं असेल तर उपयोगी पडेल. ज्या पुस्तकाच्या तीन प्रती आहेत ते तिप्पट मुलं वाचणार, म्हणजे त्याला मतं जास्त. हा पुस्तकाचा विजय नाही, प्रतींचा विजय. म्हणून मी दोन गोष्टी केल्या. एक, प्रत्येक पुस्तकाला किती जणांनी वाचलं ते वेगळं लिहायचं आणि वाचणाऱ्यांपैकी किती जणांनी मत दिलं ते बघायचं. दोन, निदान चार पुस्तकं वाचल्याशिवाय चिठ्ठी मिळणार नाही. वाचलं की नाही हे ओळखायला परीक्षा नाही घ्यायची, फक्त शेजारच्या मुलाला गोष्ट सांगायची आणि त्याने मान डोलवायची. मुलं यात फार कडक असतात. आपल्याला फसवतील, एकमेकांना फसवू देत नाहीत.

मतपेटी म्हणजे बिस्किटांचा डबा. चिठ्ठ्या जुन्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या. बोटाला शाई दौतीतली. प्रचारही झाला. एकाने बोरं वाटून 'फास्टर फेणे'साठी मतं मागितली. बोरं सगळ्यांनी खाल्ली आणि मतं आपापल्या मनाने दिली. राजकारणाचं शिक्षण फुकटात!

पहिल्या वर्षी फास्टर फेणेच आला. ते अपेक्षितच होतं. पण दुसऱ्या वर्षी निकाल लागला तो 'एक होता कार्व्हर'चा. मी दोनदा मोजलं. सहकाऱ्यांना वाटलं मीच पढवलं असेल. म्हणून मी काही न बोलता मुलांनाच विचारलं, का? एक मुलगा उठला. म्हणाला, "बाई, त्यात भुईमूग आहे." दुसरी म्हणाली, कापूस लावून लावून जमीन कशी मरते ते त्यात लिहिलंय, आणि आमचे बाबा हेच म्हणतात.

आम्ही मोठी माणसं त्या पुस्तकात गुलामी, जिद्द, थोर शास्त्रज्ञ असं बघत होतो आणि म्हणून ते मुलांना 'जड' ठरवत होतो. मुलांनी त्यात आपलं शेत पाहिलं. टस्कीगीला बसून कार्व्हर कापसाने थकलेल्या जमिनीवर भुईमूग आणि रताळी लावायला सांगत होता, आणि इथे आमच्या पोरांच्या घरात तीच चर्चा चालू होती. कुठल्या परीक्षक समितीला हे कारण सुचलं असतं?

आणि आता गंमत ऐका. कॅन्ससच्या मुलांनी १९५३ साली पहिल्यांदा मत दिलं तेव्हा त्यांनी कुठलं पुस्तक निवडलं असेल? 'एमॉस फॉर्च्युन, फ्री मॅन', लेखिका एलिझाबेथ येट्स. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या एका गुलामाची खरी कहाणी. साठीच्या घरात त्याने स्वतःचं स्वातंत्र्य विकत घेतलं, कातडी कमावण्याचा धंदा केला, आणि १८०१ साली मरताना गावच्या शाळेसाठी पैसे ठेवले. (आज तिकडे त्या पुस्तकावर टीका होते, गुलामी फार सौम्य रंगवली म्हणून. ती टीका मला पटते.) पण 'मुलांना मत दिलं तर ती फक्त हसण्या-खिदळण्याची पुस्तकं निवडतील' असं जे म्हणतात त्यांनी हे दोन निकाल शेजारी ठेवून बघावेत. मध्ये चाळीस वर्षं आणि एक समुद्र. शिवाय कार्व्हर तरुणपणी राहिला, शिकला, त्याने जमीन कसायला घेतली, ती कुठे? कॅन्ससमध्येच. हा योगायोग आहे, मी त्यातून काही सिद्ध करत नाही. पण मला त्या रात्री झोप लागली नाही एवढं खरं.

बरं, श्यामच्या आईचं काय झालं, हा प्रश्न मला हमखास विचारतात, विशेषतः अमळनेरचे नातेवाईक. तिला मतं कमी पडायची. कारण मुलांना ती आवडत नव्हती असं नाही. तिचे तुकडे सगळ्यांनी पाठ्यपुस्तकात वाचलेले, आणि संस्कारांच्या तासाला ऐकलेले. जे पुस्तक सक्तीने वाचायला लावलं त्याला मुलं मत देत नाहीत, हे मी पुढे वर्षानुवर्षं पाहिलं. एका वर्षी मी यादीतून तिचं नाव काढलं आणि प्रत नुसती खिडकीत ठेवून दिली. त्या वर्षी ती सगळ्यांत जास्त वेळा घरी गेली. गुरुजींना हे आवडलं असतं असं मला वाटतं.

सगळं सुरळीत चाललं असं समजू नका. तिसऱ्या वर्षी संस्थेतल्या एका मोठ्या माणसाने बक्षिसासाठी रोख रक्कम देऊ केली. अट एवढीच की त्यांच्या स्नेह्यांचा कवितासंग्रह यादीत असावा आणि निकाल लावण्यापूर्वी एकदा त्यांना दाखवावा. मी म्हटलं, यादीत घालते, निकाल मात्र फळ्यावर सगळ्यांसमोर लागेल. कवितासंग्रह यादीत आला, चौघांनी वाचला, एकही मत नाही. रक्कम आली नाही. मुख्याध्यापकांनी मला बोलावून विचारलं, "बाई, या खेळातून परीक्षेला काय उपयोग?" मी म्हटलं, "सर, सातवीच्या निबंधाच्या वह्या बघा." त्यांनी खरंच बघितल्या, हे त्यांचं मोठेपण. मतदान चालू राहिलं. बक्षीस म्हणजे काय, तर रद्दी विकून आलेल्या पैशांतून जिंकलेल्या पुस्तकाच्या आणखी दोन प्रती, आणि चित्रकलेच्या सरांनी दर्शनी फळ्यावर रंगीत खडूने काढलेलं नाव.

मुलांच्या मताला मर्यादा आहेत, त्या मी लपवत नाही. पातळ पुस्तकाला फायदा मिळतो. टीव्हीवर आलेल्याला मिळतो, 'गोट्या' मालिकेमुळे ताम्हनकरांचं पुस्तक कपाटात टिकेना. मुलगे मुलींच्या गोष्टी हातात घेत नाहीत, मुली मात्र दोन्ही वाचतात. म्हणून 'चिंगी'ला नेहमी निम्म्या वर्गाचीच मतं. आणि यादी शेवटी मोठ्यांचीच असते, कॅन्ससमध्येही आणि आमच्याकडेही. जे यादीतच नाही त्याला मत देणार कसं?

हा शेवटचा मुद्दा मला एका पोराने शिकवला. मी निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. चिठ्ठ्या उघडत होतो. एका चिठ्ठीवर पुस्तकाचं नावच नाही. पेन्सिलीने लिहिलेलं, "आमनी माय सांगस ती गोट." अहिराणी. आमच्या आईने सांगितलेली गोष्ट. मोजणीला बसलेली मुलं हसली. मत बाद, असं एकजण म्हणाला. दुसरी म्हणाली, बाद कसं, नियमात कुठे लिहिलंय की गोष्ट छापलेलीच पाहिजे? वाद झाला. मी मध्ये पडले नाही. वर्गात बहुतेकांच्या घरी अहिराणीच बोलली जायची आणि आमच्या बारा पुस्तकांत तिचा एक शब्द नव्हता. बहिणाबाईंची गाणी १९५२ साली छापली गेली म्हणून तिकडची बोली निदान पुस्तकात आली. मुलांच्या गोष्टींत आमच्याकडची कुठे होती?

शेवटी वर्गाने ठरवलं की मत मोजायचं नाही, पण ज्याला गोष्ट आवडली त्याने ती इतरांना ऐकवली पाहिजे, कारण चार जणांनी वाचल्याशिवाय निकाल कसा लागणार? ज्याची चिठ्ठी होती तो कान पाडून बसला. म्हणाला, मला येत नाही, माय सांगेल.

पुढच्या शनिवारी सकाळच्या शाळेत ती आली. शेतावर जाण्याआधी, डोक्यावर पदर, हातात विळा, तो तिने दाराबाहेर ठेवला. खुर्ची दिली तर बसेना. पायरीवर बसली. गोष्ट सात भावांच्या एका बहिणीची होती, पाऊण तास चालली, आणि घंटा झाली तरी एकही मूल उठलं नाही. जाताना तिने मला विचारलं, "बाई, हाई पुस्तकमा लिखेल से का?" मी म्हटलं नाही. मग तिच्या मुलानेच वही काढली आणि पुढचे तीन शनिवार तिच्याकडून उतरवून घेतली. ती वही पुढच्या वर्षीच्या यादीत तेरावी होती.